मावशींची आडनावं

नागावच्या आमच्या शेजारच्या मावशींना माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. लक्षात राहायची ती त्याची खोड. वाडीत चार खोल्या बांधून त्यांनी होमस्टे काढला आणि प्रत्येक पाहुण्याला त्या खोडीनेच ओळखू लागल्या. "नाव काय ताटात वाढता येतंय, बाय?" असं मलाच विचारत.

लेकीने लॅपटॉप आणून दिला, तेव्हा पाहुण्यांचे ईमेल पत्ते त्यांनी स्वतः एका बोटाने भरले. प्रत्येक नावाच्या शेवटी एक शेरा. विलास देशमुख बोंबील. शैला गुप्ते शाकाहारी. सुधीर राणे घोरतो. घोरणाऱ्याला विहिरीकडची खोली द्यायची म्हणजे बाकीचे झोपतात, हे त्यांचं शास्त्र होतं.

एक दिवस लॅपटॉप पदराखाली धरून त्या आमच्या पडवीत आल्या. "बाय, ह्याच्यात मानसा नीट लागत न्हायत. सगले घोरनारे इकडंतिकडं पांगलेत."

यादी पहिल्या नावाने लागत होती. मी ऑफिसचं काम घरून करते, एवढ्यावर गावात माझी गणना इंजिनिअरमध्ये होते. मी सेटिंगमध्ये जाऊन 'आडनावाप्रमाणे' करून दिलं. प्रोग्राम बिचारा शेवटच्या शब्दाला आडनाव समजणारा. क्षणात सगळे घोरणारे एका रांगेत आले, त्यांच्याखाली बोंबील, तळाला शाकाहारी. "आता कशी शिस्त आली," म्हणत मावशींनी मला शहाळं पाजलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी सगळ्यांना एकदम आमंत्रण धाडलं. मायन्यात आडनाव आपोआप पडायची सोय होती, ती हौसेने वापरली. देशमुखांना गेलं, 'प्रिय श्री. बोंबील'. राण्यांना, 'प्रिय श्री. घोरतो'. राण्यांच्या बायकोचा लगेच फोन आला. "इतकी वर्षं मी सांगत होते, आता लेखी मिळालं. आम्ही येतोय."

पण मावशींचा जीव अडकला होता परांजपे मास्तरांत. दादरचे निवृत्त हेडमास्तर. दर दिवाळीत येत आणि सोलकढीपासून मच्छरदाणीपर्यंत सगळ्यावरून मावशींशी भांडत. त्यांना गेलं होतं, 'प्रिय श्री. कटकट'. सगळ्यांची उत्तरं आली, त्यांचंच नाही. मावशींचं कशात लक्ष लागेना. "आता तो यायचा न्हाय. मी भांडू कोनाशी?" फोन करून माफी मागा म्हटलं, तर म्हणाल्या, "माफी मागली तर त्याला वाटंल मी आजारी हाय."

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मास्तर मांडव्याच्या बोटधक्क्याहून रिक्षाने दारात उतरले. मावशी पदराला हात पुसत ओट्यावर आल्या.

"मावशी," मास्तर म्हणाले, "घरी मुलगा, सून, सगळे मला कटकटच म्हणतात. आधी 'प्रिय' मात्र तुम्हीच लावलंत."

"ते कंप्युटरने लावलंय," मावशी म्हणाल्या. "बसा, मासे निवतायत."

पानावर बसताच दोघांची मिठावरून जुंपली. मला इतकं बरं वाटलं.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. होमस्टे आता लेक चालवते, फार गोड बोलते. दिवाळीत मास्तर आले. पहिल्याच घासाला म्हणाले, भात गार आहे. तिने "सॉरी काका" म्हणत लगेच गरम भात वाढला. मास्तर गुपचूप जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने परत गेले.