गुड्डीचा ‘एक’ कोणी खाल्ला?

“या घरात आता ‘लाभ’ बंद म्हणजे बंद, माय! एक म्हणजे एक!”

माझा मुलगा गजानन ओसरीत तुरीच्या ढिगाजवळ उभा राहून ओरडत होता. एका हातात पायली, दुसऱ्या हातात मोबाइल. पायली वर्षाच्या डाळीची तूर मोजायला, अन मोबाइल पुण्याहून गणिताची पेटी मागवायला.

“तूनं माह्या पोरीचा एक खाऊन टाकला!”

“मी एक खाल्ला? अन तू जन्मभर मी मोजलेलं धान खाल्लं, ते कुठी गेलं?”

सून वैशाली दारात तोंड फुगवून उभी. तिच्या पाठीमागे माझी नात गुड्डी, पाच वर्षांची. भांडण तिच्याच गणितावरून, आणि तिनं मात्र आकडा तोंडातून काढणंच सोडून दिलं होतं. हातावर बोरं ठेवून “किती?” विचारलं, की बोरं परत! बोरं परत करणारं लेकरू मी या गावात दुसरं पाहिलं नाही.

हे भांडण जरा इथंच उभं राहू द्या. पळून जाणार नाही, आमच्या घरचंच आहे. पण ते कसं पेटलं हे समजायचं, तर मागचे किस्से ऐकावे लागतील. किश्श्यांचं लुगड्याला चिकटलेल्या गोखरूसारखं असतं. एक काढायला बसलं, की त्याच्या मागे चार निघतात.

गुड्डीला आधी इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेची गाडी खेड्याखेड्यातली पोरं गोळा करत मानोऱ्याला जायची अन पोरगी रोज गाडीत ओकायची. शेवटी वैशाली म्हणाली, “पहिलीत जाईपर्यंत हिला घरीच शिकवू.” मला पटलं. मी स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून करून वाचायला शिकले. (म्हणून मला जगातल्या पुष्कळ बातम्या अर्ध्याच माहीत आहेत!) पण गणित कशावरून शिकवायचं, यावर घरात जी निवडणूक लागली, तशी सरपंचाचीही लागत नाही.

*

पहिलं आलं पुस्तक. कागद असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी. पहिल्याच पानावर पांढरे गोल गोल बुवा, नाकाच्या जागी गाजर. खाली लिहिलेलं, ‘बर्फाची माणसं मोजा.’

गुड्डीनं विचारलं, “आजी, हे कोन हाय?”

“मले काय मालूम! पिंजलेल्या कापसाचा बुवा असन.”

“मंग त्याले गाजर कायले खुपसलं?”

मी वैशालीकडे पाहिलं, वैशालीनं पान उलटलं. पुढच्या पानावर पेंग्विन! पोरीची सकाळ “हे कोन, कुठी राह्यते, काय खाते” यातच गेली. मोजणं राहिलं बाजूला.

माझं डोकंच फिरलं. दारात शेरडं बांधलेली, झाडावर पोपट, सुपात शेंगा. अन माझ्या नातीनं पेंग्विन मोजायचे? मी म्हटलं, “वैशाली, त्या पेंग्विनच्या गावात कोनी आपल्या बकऱ्या मोजून राह्यलं का?”

*

मग आलं मोबाइलमधलं गणित. त्यात एक हत्ती. उत्तर बरोबर आलं की तो टाळ्या वाजवतो, चुकलं की सोंड खाली टाकून भोकाड पसरतो.

आठवडाभरात मोबाइलवर निरोप यायला लागले. ‘तुमच्या मुलीला अधिक सरावाची गरज आहे.’ गजाननचा जीव खालीवर! सराव वाढवला, तर उत्तरं जास्तच चुकायला लागली.

मी एक दिवस गुपचूप तिच्या मागे जाऊन बसले. समोर चार चेंडू. ही बोटानं नीट चार मोजते, अन मग ठासून सातावर बोट मारते!

“काहून वं, चार येतात नं तुले?”

“येतात. पन आजी, हत्ती लय मस्त रडते!”

*

आमच्या शेजारी एक रिटायर गुरुजी आहेत. त्यांचं म्हणणं, पुस्तक नको, मोबाइल नको, “पाढे ठोका, बाकी सगळं आपोआप येतं.” ठोका म्हणाले! पोरगी म्हणजे काय खुंटा आहे?

तरी बसवलं. पोरगी हुशार, बेचा पाढा चटकन उचलला. बे दाहे वीसवर आली अन थांबली.

“गुरुजी, मंग?”

“मग काही नाही. तिथं पाढा संपतो.”

“काहून संपते?”

“संपतो म्हणजे संपतो. जास्त विचारू नको.”

संध्याकाळी पोरगी मला गंभीरपणे सांगायला लागली, “आजी, वीसच्या पुढं काईच नाई राहत.” मी तशीच उठले, गुरुजींच्या फाटकात उभी राहिले अन मोठ्यानं विचारलं, “गुरुजी, वीसच्या पुढचं धान तुमी कोनाच्या घरी नेऊन टाकता हो?”

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींच्या गुडघ्याला कळ लागली. शिकवणी बंद!

*

त्यानंतर गजानननं वाशिमहून एक डबा आणला. त्यात लाल, पिवळी, निळी प्लास्टिकची अस्वलं. अस्वलं मोजायची, रंग वेगळे करायचे, ओळी लावायच्या. मला म्हटलं तर आवडला तो डबा. निदान हातात धरायला काही होतं.

पण वैशालीनं तो शोकेसवर ठेवला. एकदम वर.

“अवं, खाली दे नं तिले!”

“आई, एक जरी हरवलं तर सेट तुटतो. ही थोडी मोठी होऊ द्या.”

मोठी झाल्यावर काय अस्वलं मोजत बसणार आहे, लग्नाच्या मांडवात? पाहुणे आले की डबा खाली यायचा. “हे गुड्डीचं गणिताचं साहित्य.” पाहुणे म्हणायचे, “वा!” की डबा पुन्हा वर. अन गुड्डी मान वर करून उभी. आमच्या पोहरादेवीला कळसाला लोक जसे हात जोडतात, तसे एक दिवस तिनं त्या डब्याला जोडले!

*

माझा तर संताप संताप झाला. मी तिला ओसरीत घेतलं. आधी भाजलेल्या शेंगा काढल्या. “गुड्डे, पाच शेंगा. दोन खाल्ल्या, त किती उरल्या?”

तिनं पाचही खाल्ल्या. म्हणे, “काईच नाई.”

उत्तर बरोबर होतं! पण नुसत्या टरफलांवर धडा चालेना. म्हणून खाता न येणारं निवडलं, कच्ची तूर. मापटं दिलं हातात अन मोजायला लावलं. आता आमच्याकडे धान्य मुक्यानं मोजत नाहीत, मोठ्यानं मोजतात. आणि पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. पहिल्यालाच एक म्हटलं की बरकत एकावरच अडते, असं माझी सासू सांगायची, तिची सासू तिला. लाभ, दोन, तीन, चार!

पोरगी अशी रंगली, की वीसची भिंत ओलांडून कधी गेली, तिलाही कळलं नाही. दिवसभर घरभर लाभ, दोन, तीन. मी तिला बजावलंही होतं, “हे मापाचं हाय. बाकी सारं एक. नाकं किती?”

“एक!”

“सूर्य किती?”

“एक!”

सांगा, यात काय चुकलं?

*

चुकलं ते मोबाइलवर. घरी शिकवायचं गणिताचं सामान पेटीत घालून विकणारे पुण्याचे लोक गजाननला सापडले होते, त्यांची एक मॅडम परीक्षा घेणार होती. पोरगी कोणत्या पायरीवर आहे ते पाहून मग तशी पेटी पाठवणार. गुड्डीला दोन वेण्या घालून बसवलं. पडद्यावर तीन आंबे आले.

“बेटा, मोजून दाखव.”

“लाभ, दोन, तीन!”

“नाही बेटा, परत.”

गुड्डीला वाटलं, मॅडमला ऐकू कमी येतं. तिनं जोरात म्हटलं, “लाभ! दोन! तीन!” तिसऱ्यांदा तर असं ओरडली, की दारातलं शेरडू दचकलं.

मॅडम वैशालीला म्हणाली, “मुलीला एक ही संकल्पनाच नाही. पायाभूत पेटी घ्यावी लागेल. पहिला महिना फक्त एक. घरात कुणी चुकीचं शिकवतंय का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ मोबाइलसमोर गेले. “बाई, मी शिकवलं. आमच्या इकडं मापाले...”

“आजींना जरा म्यूट करा, प्लीज.”

म्यूट! माझ्या सासूला जमलं नाही, नवऱ्याला जमलं नाही, ते ही बाई बटणावर करायला निघाली!

पण खरा घाव तो नव्हता. फोन बंद झाल्यावर वैशाली पोरीच्या देखत रडक्या आवाजात म्हणाली, “गणितात कच्ची निघाली हो माझी पोरगी.”

गुड्डीनं ऐकलं. रात्री मी विचारलं, “गुड्डे, नाकं किती?” तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं अन भिंतीकडे तोंड केलं.

*

तर ओसरीतलं ते भांडण.

“पाह्य माय,” गजानन म्हणाला, “लाभ-गिभ जुन्या लोकायचं. शाळेत चालत नाई. आजपासून या घरात पयला आकडा एक. मीच सुरू करतो.”

“कर,” मी म्हटलं, अन भिंतीला टेकून बसले.

त्यानं मोबाइल खिशात टाकला. पायली तुरीत खुपसली, हातानं वरचा दाणा सारखा केला, पोत्याच्या तोंडावर धरली. आणि थांबला.

वैशाली दारातून हळूच म्हणाली, “अहो... वर्षाची डाळ आहे ती.”

“मंग?”

“नाही, काही नाही. म्हणा तुम्ही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बांगड्यांकडे पाहत होते. त्यानं ढिगाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला त्याच्या, ऐन थंडीत! तूर पोत्यात सोडली अन पुटपुटला,

“लाभ.”

तेवढ्यात वैशालीच्या पाठीमागून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला,

“दोन!”

गजाननचा हात तसाच वर राहिला. मी उठले, लुगडं झटकलं अन म्हटलं,

“मांगव बाबू, पेटी मांगव. पन पोरीच्या नाई, तुह्या मापाची!”