टोपलीतली एक जागा

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात मानतात. लग्नात पंगती उठल्या की खुर्च्या गोल मांडतात आणि मला मध्ये बसवतात. "हं बंडूकाका, होऊन जाऊ द्या." आणि मी होऊन जाऊ देतो. आवाज बदलतो, हात उडवतो, वेळ पडली तर खुर्चीवरही चढतो. पण एक गोष्ट सात वर्षं पोटात राहिली आहे. बायकोला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

गंमत बघा, हीच गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. फुग्याची गोष्ट. माझा हुकमी एक्का. फक्त तिच्यातलं एक वाक्य गाळून सांगतो.

सात वर्षांपूर्वीच्या थंडीत आमच्या शहरात एका मैदानावर पर्यटकांसाठी फुगा आला होता. पाच मजली इमारतीएवढा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. खाली वेताची टोपली आणि तिच्यावर आगीचा फवारा. तो उडून कुठं जायचा नाही. तीन जाड दोरांनी तीन जीपगाड्यांना बांधलेला होता. दोर सैल सोडले की सरळ वर जायचा, दहा मिनिटं तिथं डुलायचा, मग ओढून खाली आणायचे.

पेपरातला फोटो ताईनं पाहिला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. पिशोरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि नुकतीच रिटायर होऊन शहरात राहायला आली होती. तीस वर्षं फळ्यावर नकाशे काढले. "नकाशा म्हणजे काय रे? पाखराला दिसतं ते," असं पोरांना सांगायची. आणि स्वतः? सहलीबरोबर दौलताबादचा किल्ला चढली असेल दहा-बारा वेळा. पण किल्ल्यावर पायाखाली जमीन असते. ताईला जमीन सोडून वर जायचं होतं.

"बंड्या, मला घेऊन चल," म्हणाली. "काश्मीरचं बुकिंग केलंय आम्ही बायांनी. तिथं त्या दोरीवरच्या पाळण्यात बसायचंय. त्याच्या आधी इथं सवय करून घेते."

गेलो. संध्याकाळची वेळ, ही लांब रांग. ताईनं नवीन स्वेटर घातलेला. रांगेत पुढं-मागं जो सापडेल त्याला ती गरम हवा वर का जाते ते शिकवत होती. आमचा नंबर आला तेव्हा वारा सुटायला लागला होता. गेटवरचा दाढीवाला चाचा म्हणाला, "हवा बढ़ रई. आखरी फेरा है. एकीच जगा."

एकच जागा. आणि आम्ही दोघं.

ताई माझ्या पुढं होती. तिनं एका हातानं निऱ्या धरल्या होत्या, एक पाय टोपलीच्या पायरीवर ठेवला होता. मागं वळून मला म्हणाली, "तू उद्या ये रे." बरोबरच होतं तिचं. उद्या मी एकटा येऊ शकलो असतो. फुगा अजून दोन दिवस होता. हे मला तेव्हाही माहीत होतं — हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मीच विसरल्याचं नाटक करीन.

फुगा चालवणारा राजस्थानकडचा माणूस होता. त्यानं वरून सवयीनं विचारलं, "बीपी, हार्ट, चक्कर — किसी को है?"

बीपी मला होतं. दोन वर्षांपासून. गोळीचं पाकीट शर्टाच्या खिशात होतं. आणि मी ताईकडं बोट केलं. "इनको है. बीपी."

हेच ते वाक्य.

त्या माणसानं हात आडवा धरला. ताईनं पाय खाली घेतला. माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, तसं असतं तर बरं होतं. गणित सुटल्यासारखं बघितलं. मी तिच्या बाजूनं वर चढलो.

आणि खरं सांगू? मला फार मजा आली. खोटं कशाला बोलू, आधीच एक बोललोय. जमीन हळूच सुटली आणि शहर उलगडत गेलं. पांढरा मकबरा, मागं डोंगरांची रांग, लांब देवगिरीचा सुळका. आणि गच्च्या. गच्च्यागच्च्यांवर काळ्या-निळ्या टाक्या, जणू अख्खं शहर डोक्यावर पाणी घेऊन नळाची वाट बघत बसलंय. मी ओरडलो, हात हलवले. आणि मग ताई दिसते का म्हणून खाली वाकलो.

चाचानं तिला खुर्ची दिली होती. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला होता, तो तिनं पायाशी ठेवला होता. रांगेतली सगळी माणसं माना वर करून फुग्याकडं बघत होती. ताई नव्हती बघत. तिनं डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली होती. स्वतःची नाडी बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, खाली आल्यावर सांगायचं की. सांगायला गेलोही. पण आमच्या घराची एक रीत तुम्हाला माहीत नाही.

आमच्या वडिलांना, नानांना, कॅन्सर झाला तेव्हा तो नानांना सोडून सगळ्यांना माहीत होता. नानांना 'अल्सर' सांगितला होता. आमच्याकडं आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. आणि हे सगळं कुणी सांभाळलं? ताईनं. आठ महिने ती हसतमुखानं म्हणायची, "काही नाही हो नाना, सगळं नॉर्मल आहे." आणि रिटायर झाल्यावर तिनं तब्येतीची तपासणी केली होती, तिचे रिपोर्ट लॅबमधून मीच आणले होते. सगळे चांगले होते. मी तसं सांगितलंही होतं. हसतमुखानं.

खाली उतरलो तर ताई हळू आवाजात म्हणाली, "रिपोर्ट आले तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"अगं काही नाही तुला. सगळं नॉर्मल आहे," मी म्हणालो.

माझ्या कानांनी मीच ऐकलं ते. शब्दन् शब्द तिचेच.

ताईनं मान हलवली. "असू दे. कळलं मला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मीठ सोडलं. लोणची शेजारी देऊन टाकली — तिची लिंबाची लोणची, काय सांगू तुम्हाला, बरणी उघडली की माणूस गप्प व्हायचा, अगदी मीसुद्धा. काश्मीरचं बुकिंग रद्द केलं. मी घाबरून तिला डॉक्टरांकडं नेलं. बीपी अगदी व्यवस्थित. ताई बाहेर येऊन म्हणाली, "बघ, पथ्याचा गुण आला." वर्षानं दुसरे डॉक्टर. तेही म्हणाले, छान आहे. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "यांना आधी फोन करून ठेवला होतास, व्हय?" मी जितकं नाही म्हणावं, तितकं तिला ते आहेच असं वाटायचं. हे कुलूप तिनंच नानांसाठी घडवलेलं होतं. किल्ली एकच होती: मी खोटं बोललो, जागेसाठी. ती मी खिशात ठेवली.

आणि खिशात ठेवून काय केलं? गोष्ट सांगत सुटलो. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात पहिल्यांदा. ताई का चढली नाही, हे सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून गोष्टीत तिला घाबरट केली. निऱ्या धरून 'अगो बाई, मी नाही' म्हणणारी ताई मी अशी काही वठवली, की लोक डोळे पुसत हसले. ताई तिथंच बसली होती. तीही हसली. घरी जाताना माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बरं केलंस. दुखण्याचं नाव नाही काढलंस चारचौघांत. घाबरले म्हणालास, लई बरं केलंस."

तिनं आभार मानले माझे. त्यानंतर ती गोष्ट मी आणखी रंगवून सांगू लागलो. कोण करतं असं? मी करतो. टाळ्या येतात हो.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला बंगलोरला नोकरी लागली. तिनं हट्ट धरला, आत्यानं सोबत यायचं, विमानानं. ताई म्हणाली, "बीपीवाल्यांनी विमानात बसू नये." मुलगी रडवेली झाली. मी ठरवलं, आता पुरे. ताईच्या फ्लॅटवर गेलो. चिकलठाण्याच्या बाजूला आहे तो, गॅलरीतून विमानं खाली उतरताना दिसतात. तिनं मुद्दाम तिकडं घेतला होता, रिटायर होण्याच्या आधीच.

"ताई, तुला बीपी नाही. कधीच नव्हतं," मी म्हणालो.

"बरं."

"खरंच नव्हतं गं."

ती चहा गाळत होती. "बंड्या, तू खोटं बोलायला लागलास की तुझा आवाज गोड होतो. शाळेत होतास तेव्हापासून."

मी कपबशा पुढं सरकवल्या.

"वाढलंय का?" तिनं विचारलं. "नानांपुढं मी पण शेवटी शेवटी लई गोड बोलायचे."

तेव्हा पुढचं वाक्य बोलायचं होतं. त्या दिवशी बीपी मला होतं, जागा एक होती, मला वर जायचं होतं, म्हणून मी तुझ्याकडं बोट केलं. एवढंच. बोलायला दम लागू नये इतकं लहान. आणि ते जमलं नाही मला, ज्याला तासभर बोलायला विषय लागत नाही. मी चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो.

मुलगी एकटीच गेली. तिला सोडायला ताई विमानतळावर आली होती. मुलगी आत गेल्यावर मी म्हटलं, चला. ताई म्हणाली, थांब जरा. आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला, कुंपणाशी उभे राहिलो. बराच वेळ. मग विमान धावत आलं आणि उठलं. ताईनं डोळ्यांवर हाताची सावली धरली, मान मागं टाकली, तोंड किंचित उघडं. चेहरा असा, की मला दुसरीकडं बघावंसं वाटलं. पण मी बघत राहिलो. विमान ठिपका झालं, मग तेही दिसेना. ती तशीच उभी होती. वीतभर अंतर होतं आमच्यात. किल्ली माझ्या खिशातच होती.