लाईनची गाडी, कचऱ्याची गाडी आणि देवाचा कौल

ड्रायव्हरला सल्ला द्यायला कुणाला लायसन्स लागत नाही. मी चालवत होतो ती कुरियरची गाडी मालकाने विकली आणि मी घरी बसलो, तेव्हा चारकोपच्या आमच्या खोलीत सल्लागारांची रीघ लागली. ज्यांनी जन्मात रिक्षाचा हॉर्न वाजवला नाही, ते मला कुठली गाडी धरावी ते सांगत होते. चहा मात्र आमचा.

माझ्यापुढे तीन कामं होती. पहिलं पाण्याच्या टँकरचं, अंधेरीतल्या टॉवरांना पाणी पोचवायचं. ते मी लगेच निकालात काढलं. टँकरवाल्यांइतके मस्तवाल लोक रस्त्यावर दुसरे नाहीत. रस्ता बापाचा, सिग्नल शोभेचा. शेठ फेऱ्यांवर पैसे देणार, म्हणजे जितकी बेफाम हाकाल तितके तुम्ही चांगले ड्रायव्हर. मी नको म्हटलं तर शेठ म्हणाला, "तुझ्यात दम नाय यार." म्हटलं, नाही तर नाही.

दुसरं काम कचऱ्याच्या गाडीचं. कंत्राटदाराची गाडी घेऊन पहाटे निघायचं, कचरा भरत भरत देवनारला जाऊन रिकामी करायची आणि दुपारी घरी. तिसरं लाईनचं, म्हणजे लांबच्या पल्ल्याचं. कोलकाता, गुवाहाटी, पाठवतील तिकडे. लाईनवर गेलेल्या माणसाचं घर म्हणजे केबिन.

घरातले सगळे लाईनच्या बाजूने, कारण बाबांनी आयुष्यभर लाईन केलेली. मुलुंडहून आत्या खास मला अक्कल शिकवायला आली. "कचऱ्याच्या गाडीवर बसलास तर उद्या तुझ्या पोरीला कोण करून घेणार रे?" पोरगी चौथीत होती. आत्या स्वतः घरातला कचरा खिडकीतून खाली भिरकावते, ते सोडा.

बाबांचं म्हणणं तर ठरलेलं. "कचरो उचलता तो ड्रायव्हर न्हय. लाईन ती लाईन." नागपूरच्या पुढे कुठल्या ढाब्यावर डाळ पातळ मिळते ते त्यांना आजही पाठ आहे. मी कितवीत आहे ते मात्र दर खेपेला नव्याने विचारायचे. मला या थोरवीची चीड येते आणि ती मी लपवत नाही. माझ्या मुलीला असा बाप मिळू नये, एवढंच मला हवं होतं. पण बापाच्या तोंडावर हे बोलायची आमच्याकडे रीत नाही.

शेवटी आमच्या लोकांत जे होतं तेच झालं. आमचा माणूस मुंबईत कितव्याही मजल्यावर राहो, अडलं की गावच्या देवाला कौल लावतो. देवाच्या पाषाणाला फुलाचे कळे चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावी जायला कुणाला सवड नव्हती, म्हणून देवाला व्हिडिओ कॉल लावला. मुलग्याने लाईनची गाडी धरावी काय, असा बाबांचा प्रश्न. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" आमची खोली दणाणली. आत्याचा आवाज सगळ्यांत वर.

"तुझा ह्या लेकरू आज मुंबैत पोटापाण्यासाठी..." गुरव मध्येच थांबला. "झिलाचा वय किती सांगू देवाक?"

बाबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीस," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तीस-बत्तीस आसतला."

आई हळूच म्हणाली, "चाळीस झाली त्याका. गेल्या श्रावणात."

बाबा चिडले. "ताच ता. देवाक सगळा म्हायत आसा."

मला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं. देवाला माहीत असेल. बापाला नव्हतं. मी उठलो आणि म्हटलं, "बाबा, मी कचऱ्याची गाडी धरतोय."

"अरे, कळो पडाक दी तरी!"

"पडू दे कुठल्याही बाजूला."

चप्पल घातली आणि तडक कंत्राटदाराकडे गेलो. कुठला कळा पडला ते आजवर विचारलं नाही. आत्या मागे लागून सांगायला आली होती, तिला मी हात जोडले.

अंगाला वास येतो, खोटं कशाला बोलू? कितीही साबण लावा, थोडा राहतोच. आत्या आता आमच्याकडे चहा घेत नाही, तेवढी चहापत्ती वाचते. दुपारी मी पोचलो की मुलगी नाक धरून दार उघडते. "शी पप्पा, आधी अंघोळ!" म्हणते, आणि मग मोरीच्या दाराबाहेर उभी राहून शाळेतलं सगळं सांगत राहते. कोण कुणाशी भांडलं, बाईंनी कुणाला उभं केलं. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड फिरवतात.

फिरवू देत. त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि केबिनमधल्या अगरबत्तीचा वास यायचा. लाईनवरून ते यायचे तेव्हा दार मीच उघडायचो, आणि आत वळून हाक मारायचो, "आई, कोणीतरी आलंय."