वस्तऱ्याखालचं भाषण

मनीषनगरच्या त्या सलूनवाल्याचं नाव मी सहा वर्षांत विचारलं नाही. त्याला मोठ्या नेत्यांच्या शांततेच्या भाषणांचा भारी शौक. टीव्हीवर कुणी मैत्रीचा हात पुढे केला, की तो वस्तरा बाजूला ठेवून टाळ्या वाजवायचा. गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन जगाचं कल्याण व्हायची वाट बघत बसायचं.

परवा मी दाढीला खुर्चीत बसलो असताना टीव्हीवर दोन वैरी देशांचे नेते एका मंचावर आले. एकाचं भाषण इतकं गोड झालं, की आमच्या सलूनवाल्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. बाकावरचे दोन पेन्शनर मात्र कोणता देश आधी वाकला यावरून कॉलर धरायला उठले.

"बसा गा काका," म्हणत त्याने दोघांच्या तोंडाला फेस फासला. फेस तोंडात जाईल म्हणून दोघंही गप्प झाले.

तो परत माझ्या गळ्याशी आला. मी विचारलं, "अशा भाषणाने खरंच लढाई थांबते का हो?"

"थांबते नं भाऊ, काहून नाही थांबणार? फक्त ऐकणाऱ्याच्या गळ्यावर वस्तरा पायजे."

मला ते पूर्ण पटलं. मान तेवढी हलवली नाही.