पाहुण्यांच्या सोफ्यावरचा म्हातारा

नव्वदच्या दशकात नेरूळच्या मैदानात आमच्या सोसायट्यांचा कला महोत्सव व्हायचा. दरवर्षी एक म्हातारा दुपारपासूनच प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यावर पाय वर घेऊन ठाण मांडायचा. कार्यक्रम राहिला बाजूला, त्याला उठवता उठवता मी मेटाकुटीला यायचो. शेवटी एका वर्षी मी स्टेजचीच जागा बदलली, सोफे पार दुसऱ्या टोकाला नेले. तरी हा जुन्याच जागी, आता स्टेजच्या मागे, जमिनीवर मांडी घालून हजर.

"आजोबा, इथून काय डोंबल नाटक दिसणार तुम्हाला?" मी वैतागून विचारलं.

"नाटक कोनाला बगायचंय? हितं माजं शेत व्हतं," तो शांतपणे म्हणाला. "तुमचा कारेक्रम असला तरच वॉचमन आत सोडतो."