आवाजाच्या आधी हात

"काल तर चालत होतं," गायकवाड साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"कशावर चालत होतं?"

"माझ्या लॅपटॉपवर."

"आणि इथं?"

त्यांनी ट्रेनिंग रूमच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. काळा पडदा आणि मधोमध एक इंग्रजी ओळ: ही फाईल चालवता येत नाही.

मी शिरूरला व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. बावीस वर्षं झाली. आधी लग्नं आणि शाळांची गॅदरिंग असायची, आता निम्मं काम कारेगावच्या आसपासच्या कंपन्यांचं असतं. ही त्यातलीच एक, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी. गायकवाड तिथले सेफ्टी ऑफिसर. नवी प्रेस लाईन सुरू व्हायची होती आणि कस्टमरचा ऑडिटर तीन वाजता येणार होता. नव्या कामगारांना ट्रेनिंगची फिल्म खरंच दाखवतात का, ती बघून त्यांना काम समजतं का, हे तो समोर बसून तपासणार. त्याचं समाधान झालं तरच लाईनला परवानगी. मी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते.

फिल्म चौदा मिनिटांची होती. प्रेसच्या साच्यात पत्रा अडकला तर तो कसा काढायचा, एवढाच विषय. प्रेस म्हणजे पत्र्यावर प्रचंड दाब देऊन त्याला आकार देणारं यंत्र. त्यात हात घालायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या क्रमानं करायच्या. मशीन बंद करायचं. चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. वरचा भाग खाली येऊ नये म्हणून मधे लोखंडी ठोकळा लावायचा. मग हात. फिल्ममधले हात आणि आवाज दोन्ही दत्तूआबांचे होते. आबा भांडगावचे, कंपनीतले सगळ्यात जुने प्रेस ऑपरेटर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. तरुणपणी दुसरीकडे कामाला असताना गेली.

माझे प्रश्न वहीत लिहिलेले असतात आणि मी ते त्याच क्रमानं विचारते. शूटिंग कशावर केलं? मोबाईलवर. नंतर फाईलला कोणी हात लावला?

"आमच्या आयटीवाल्यानं एमपीफोर करून दिलीय."

"कशी केली?"

साहेबांनी फोन लावला, विचारलं आणि जरा हळू आवाजात मला सांगितलं, "नाव बदललं म्हणे. शेवटची तीन अक्षरं."

हे मी वर्षातून दहा वेळा तरी ऐकते. एमपीफोर हे पोत्यावरचं नाव असतं. आत गहू आहे की बाजरी, हे पोतं उघडल्याशिवाय कळत नाही. हल्लीचे मोबाईल एच २६५ नावाच्या पद्धतीनं चित्र दाबून बसवतात. जागा कमी लागते, पण उघडायला ताकदीचं यंत्र लागतं. टीव्हीमागे लावलेला मीडिया प्लेअर म्हणजे तळहाताएवढं स्वस्तातलं खोकं. त्याला आधीची, एच २६४ पद्धतच समजते. बाहेरच्या पोत्यावर कितीही नावं बदला, आतलं धान्य तेच राहणार.

"मग तुमचा लॅपटॉपच लावू की टीव्हीला," साहेब म्हणाले.

"आज लावाल. उद्या?"

चार मशीनजवळही असेच चार टीव्ही होते. दर शिफ्टच्या सुरुवातीला खोकं आपोआप चालू होणार, पेनड्राईव्हवरची फिल्म दाखवणार, असं साहेबांनीच ठरवलं होतं. म्हणजे फिल्म खोक्यावरच चालायला हवी होती.

मी मोबाईलमधली मूळ फाईल मागून घेतली. तिथंच बसून ती एच २६४ मध्ये बदलली, आवाज खोक्याला चालेल असा केला, पेनड्राईव्ह लावला. चित्र आलं. आवाज आला. पहिली दोन मिनिटं मी उभं राहून बघितली. सगळं ठीक. लॅपटॉपवर पुढची मिनिटंही मधूनमधून तपासली. तीही ठीक.

"ताई, तुम्ही म्हणजे डॉक्टर आहात," साहेब म्हणाले आणि त्यांनी वडापाव मागवले. दीड वाजला होता. मी खूश होते, हे कबूल करते.

दोनच्या सुमाराला दत्तूआबा फिल्म बघायला आले. हात पुसत खुर्चीवर बसले आणि बघत राहिले. अकराव्या मिनिटाला उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"ताई, हे न्हाई जमलं."

"काय झालं आबा?"

"माझा हात आत गेला बगा. आन् आवाज आत्ता म्हनतोय, ठोकळा लावा."

मी मागे नेऊन परत बघितलं. आबा बरोबर होते. सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळत होतं. पुढं आवाज मागं पडत गेला होता, आणि साच्याजवळच्या भागात तो चार सेकंदांनी उशिरा येत होता.

"चार सेकंद तर आहेत," गायकवाड घड्याळ बघत म्हणाले. "ऑडिटर शेवटपर्यंत थोडाच बसणारे? उद्या करू दुरुस्त."

आबा वळले. "साहेब, बिहारकडली पोरं चित्र बगून शिकनार. त्यांना माझी भाषा कुठं कळतीया? आपली पोरं मान खाली घालून नुसतं ऐकनार. एकाच मशीनवर दोगं दोन तऱ्हेनं शिकले तर कसं व्हायचं?" मग त्यांनी डावा हात वर केला. "हात आधी गेला की काय होतं, ते मला इचारा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "किती वेळ लागंल?"

"वीस मिनिटं करायला. चौदा तपासायला."

"तपासणी सोडा ना."

"ती सोडल्यामुळंच ही वेळ आलीय," मी म्हणाले. चूक माझी होती. पूर्ण फिल्म मी खोक्यावर बघितलीच नव्हती.

कारण पाच मिनिटांत सापडलं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटो. मोबाईल साधारणपणे सेकंदाला तीस फोटो घेतो. पण उजेड कमी झाला की तो गुपचूप पंचवीसवर, वीसवर येतो. साच्याजवळ अंधार होता, तिथं फोटो कमी पडले होते. लॅपटॉप हुशार, तो प्रत्येक फोटोची वेळ बघून दाखवतो. खोकं मात्र सगळीकडे तीसच आहेत असं धरून फोटो भराभर पुढं सरकवत होतं. म्हणून हात पुढं, आवाज मागं.

उपाय सोपा असतो, पण तो करावा लागतो. फाईल पुन्हा बनवताना सेकंदाला ठाम तीस फोटो, जिथं कमी आहेत तिथं मागचाच फोटो पुन्हा, असं सांगायचं. मी सांगितलं. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. गायकवाड तीनदा आत येऊन गेले. आबा हलले नाहीत.

दोन पस्तीसला पेनड्राईव्ह खोक्याला लावला आणि आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. पुढं पळवायचं नाही, मधे उठायचं नाही. अकराव्या मिनिटाला टीव्हीतले आबा म्हणाले, "ठोकळा लावा," आणि टीव्हीतल्या आबांनी ठोकळा लावला. खुर्चीतल्या आबांनी मान हलवली.

"व्हय. आता माझं मला पटलं."

दोन एकोणपन्नासला फिल्म संपली. तीनला दहा कमी असताना चारही पेनड्राईव्ह भरायला घेतले. ऑडिटर सव्वातीनला आला, म्हणजे आम्हाला पुरून उरलं.

तो शेवटपर्यंत बसला. पूर्ण चौदा मिनिटं. नंतर त्यानं दोन नव्या कामगारांना उठवलं. एक बिहारमधल्या छपऱ्याचा, एक इथल्या न्हावऱ्याचा. बंद प्रेससमोर उभं करून म्हणाला, पत्रा अडकलाय असं समजा आणि काढा. छपऱ्याच्या मुलाला मराठी येत नव्हतं. त्यानं बंद करायचं बटण दाबलं, चावी काढून खिशात टाकली, ठोकळा लावला, वाकून बघितलं आणि मगच हात घातला. न्हावऱ्याच्यानं प्रत्येक पायरी तोंडानं म्हणत तेच केलं, त्याच क्रमानं. ऑडिटरनं कागदावर खूण केली आणि चहा मागितला. लाईनला त्याच संध्याकाळी परवानगी मिळाली.

निघताना गायकवाड म्हणाले, "दोन मिनिटं बघून सोडलं असतं तरी पास झालो असतो की नाही?"

"कदाचित," मी म्हणाले. "आबांना विचारा."

त्यांनी विचारलं नाही.

या कामात हुशारी फार लागत नाही, शिस्त लागते. फाईल जिथं लोक बघणार आहेत तिथंच तपासायची, आणि पूर्ण तपासायची. चौदा मिनिटांची फिल्म तपासायला चौदा मिनिटं लागतात. त्याहून लवकर ती तपासून देतो असं जो सांगतो, त्यानं ती बघितलेली नसते.