अंगठ्याचं पॅड

"चपला काढ अन् तिथंच दारात थांब. आत यायचं काम न्हाई."

सरपंच बोलला. ग्रामपंचायतीत, वीस-पंचवीस माणसांसमोर. आत खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. मी चपलांच्या ढिगापाशी उभी.

इस्लापूरपासून जरा आत आमचं गाव. नवरा गेल्यापासून मी शाळेत लेकरांची खिचडी शिजवायची. त्याच्यावरच मही पोरगी किनवटच्या होस्टेलात शिकून राहिली होती.

गुन्हा काय मही? दर रविवारी घरी प्रार्थना होते. पाच-सहा घरचे लोक येतात, गाणी म्हणतात, शास्त्र म्हंजे बायबल वाचतात, कोरा चहा पिऊन जातात. झालं. एवढ्यानं सरपंचाच्या पोटात दुखत होतं.

खरं सांगते, मी लई भित्री. दार लावून, वरून टीव्ही मोठा करून प्रार्थनेला बसायचो आम्ही. येशूला हाक मारायची अन् ती शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून जपायचं. थू असल्या जिण्यावर!

आमच्या प्रार्थनेत एक रीत हाय. शास्त्र पाळीनं वाचायचं, एकेक वचन एकेकानं. येत नसलं तरी पाळी चुकत न्हाई. मी तर शाळेत गेलेच नव्हते. पहिल्यांदा पाळी आली तव्हा घाम फुटला. आमच्यातल्या म्हाताऱ्या मामानं अक्षरावर बोट ठेवलं, एकेक म्हणून घेतलं. सगळे थांबले. कोणी हसलं न्हाई. असं करत दोन वर्षांत वाचायला आलं. सहीबी शिकले.

तरी शाळेच्या रजिस्टरवर अंगठाच देत राहिले. सर पॅड सरकवायचे अन् मी गुमान बोट काळं करायची. "सर, मला सही येते" एवढं बोलायची छाती झाली न्हाई. वाचता येणारी बाई भ्यापायी अडाणी बनून राहिली.

त्या दिवशी ग्रामपंचायतीतबी तसलंच पॅड. सरपंचाच्या माणसानं ते उघडून मह्यासमोर धरलं, संगं एक कागद.

"अंगठा दे. न्हाई तर उद्यापासून खिचडीला दुसरी बाई."

"काय लिहिलंय यात?"

"तुला काय करायचंय? तुला कळणार हाय का?"

सगळे खो-खो हसले.

पोरीचं तोंड डोळ्यासमोर. मनात म्हणलं, प्रभू, जीभ सोडव मही. अन् एकदम मनात आलं, मी मानते कोणाला? खिळे ठोकून मारला तरी तिसऱ्या दिवशी उठला, त्याला. अन् भिते कोणाला? ह्याला! तंबाखू थुंकायलाबी ज्याला दुसऱ्यानं डबा धरावा लागतो, त्याला?

कागद घेतला. मोठ्यानं वाचायला लागले, प्रार्थनेत वाचते तसंच, अक्षराला अक्षर लावून.

"मी... गावातल्या लोकांना... आमिष दाखवून..."

हसणं बंद. मी मान वर केली.

"आमिष म्हंजे तो कोरा चहा का, सरपंच? दूधबी नसतंय त्यात."

पुन्हा वाचलं. "रोगी बरे होतात... अशी भूल पाडून..."

इथं थांबले.

"तुमची सून बाळंतपणात अडली होती, तव्हा गोठ्याच्या दारानं मला प्रार्थनेला कोणी नेलं?"

ह्याचीच बायको आली होती, तोंडावर पदर घेऊन. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून मी रडून प्रार्थना केली. अन् निघताना, मी उभी होते त्या जागेवर तिनं मह्यासमोरच गोमूत्र शिंपडलं. तव्हा तो अपमान गिळला होता मी.

सरपंच मोबाइलात पाहायला लागला. मोठा वाघ!

मी पॅडचं झाकण लावलं. कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"हा मह्यापाशीच राहू द्या. गावानं पहिल्यांदा मला काहीतरी वाचायला दिलं."

चपला घातल्या अन् निघाले.

खिचडीचं काम गेलं. आता लोकांच्या रानात कापूस वेचते. पोरगी अजून होस्टेलातच हाय, अन् शिकणारच. बोटं फाटतात मही. पण ती बोटं मी आता कुठंच काळी करत न्हाई.

मागल्या महिन्यात सरपंचाची बायको पुन्हा आली. मह्या घराच्या मागच्या दारानं, पदर तसाच तोंडावर. नातू तापला होता. लेकरानं काय बिघडवलं कोणाचं? मी तिथंच डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना केली. मग म्हणलं,

"बाई, ह्याच्यापुढं रविवारी यायचं. म्होरच्या दारानं, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. आमच्याच सतरंजीवर बसायचं. अन् पाळी आली की वाचायचं."

"लोक काय म्हणतील गं?" ती म्हणली.

दुसऱ्या दिवशी मी मागचं दार विटा-मातीनं बुजवून टाकलं.

आता रविवारी टीव्ही बंद असतो. म्होरचं दार सताड उघडं. मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचते. अडखळले तर थांबते, पण पाळी सोडत न्हाई.